१ मेपर्यंत करार उघडे करा

राज्य सरकार, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगर प्रदेश विकास प्राधिकरणांचे अधिकारी, त्यांच्याशी करार केलेल्या सगळ्या कंपन्या आणि या कंपन्यांना कर्ज देणाऱ्या बँका यांनी हे नीट वाचावे. ही विनंती नाही. निवेदने देऊन झाली, माहिती अधिकाराचे अर्ज झाले, अपिले झाली. येत्या १ मेपर्यंत, महाराष्ट्र दिनापर्यंत, या राज्यातला रस्ता, पूल किंवा मेट्रो खासगी भागीदारीत देणारा प्रत्येक करार लोकांसमोर आला पाहिजे. नुसता मूळ करार नव्हे. त्याची परिशिष्टे, मागाहून जोडलेले पुरवणी करार, मुदतवाढीची पत्रे, नुकसानभरपाईचे हिशेब, सगळे. ते आले नाहीत तर आम्ही काय करणार ते पुढे सांगितले आहे, आणि त्यातले एकही वाक्य धमकावण्यापुरते लिहिलेले नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण असे काही लिहिले की लगेच ‘विकासविरोधी’ हा शिक्का तयार असतो. खासगी पैशाला आमचा विरोध नाही. सरकारच्या तिजोरीत रस्त्यांपुरते पैसे नसतात हे आम्हाला कळते. वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो खासगी भागीदारीतूनच उभी राहिली आणि ८ जून २०१४ पासून लोकांना घेऊन धावते आहे. ती आली नसती तर अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बसमध्ये लोंबकळणाऱ्यांचे हाल आजही तसेच राहिले असते. पण पैसा खासगी असला तरी रस्ता आमचा असतो, जमीन आमची असते, आणि शेवटी ते सगळे कर्ज फेडतो तो आमचा खिसा. ज्याच्या खिशातून तीस-तीस वर्षे पैसे जाणार, त्याला करार दाखवायचा नाही, ही पद्धत आता बंद.

कोल्हापूर आठवते ना? शहराच्या आतले सुमारे ४९ किलोमीटरचे रस्ते बीओटीवर, म्हणजे ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ पद्धतीने, दिले, आणि त्या बदल्यात शहरात शिरणाऱ्या वाहनांकडून तीस वर्षे टोल. शिवाय टेंबलाईवाडीची मोक्याची जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. करार झाला तेव्हा किती कोल्हापूरकरांना यातले काय माहीत होते? कळले ते शहराच्या तोंडावर नाक्यांचे पत्रे उभे राहिले तेव्हा. कागद आधी उघड असता तर सामान्य माणसाने पहिल्याच दिवशी विचारले असते, की महापालिकेला घरपट्टी भरणाऱ्या माणसाने आपल्याच गावात शिरताना पैसे का द्यायचे? तो प्रश्न रस्त्यावर विचारावा लागला. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील वयाच्या ऐंशीच्या घरात असताना मोर्चाच्या पुढे चालले. कॉम्रेड गोविंदराव पानसरे त्या लढ्यात होते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये वसुली सुरू झाली, पुढच्या जानेवारीत नाके पेटले, आणि २०१५ च्या डिसेंबरात सरकारला टोल रद्द करावा लागला. पण रद्द म्हणजे फुकट नव्हे. कंपनीची भरपाई राज्याच्या तिजोरीतून झाली. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्याचे पैसे गडचिरोलीच्या माणसानेही भरले, ज्याने तो रस्ता कधी पाहिलाही नसेल. बंद खोलीत केलेल्या करारावर सही कुणाची, आणि भुर्दंड कुणाला?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा हिशेब तर कुणीही घरी बसून मांडू शकतो. रस्ता महामंडळाने बांधला. २००४ मध्ये जुन्या मुंबई-पुणे रस्त्यासकट त्याची टोलवसुली पंधरा वर्षांसाठी खासगी कंपनीला दिली, ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन. मुदत २०१९ मध्ये संपली. त्यानंतर २०३० च्या एप्रिलअखेरपर्यंतचा नवा करार झाला, तो ८,२६२ कोटींना. पंधरा वर्षांचे ९१८ कोटी, आणि पुढच्या जेमतेम दहा वर्षांचे ८,२६२ कोटी. पैशाची किंमत काळाबरोबर उतरते हे मान्य. ९१८ कोटींवर वर्षाला दहा टक्के चक्रवाढ व्याज धरले तरी पंधरा वर्षांत ते साधारण ३,८०० कोटी होतात. देखभालीचा खर्च कंपनीच्या माथी होता, वाहने कमी आली असती तर तोटाही तिचाच होता, हेही मान्य. तरी उरलेल्या फरकाचे उत्तर कोण देणार? वाहने वाढणार हे २००४ मध्ये कुणाला कळत नव्हते? आणि टोलचे दर तर त्याच वर्षी अधिसूचनेत पुढच्या पंचवीस वर्षांसाठी ठरवून ठेवले होते. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ. २००४ मध्ये १०० रुपये असलेला टोल या हिशेबाने बारा वर्षांत १९४ रुपयांवर जातो. मोटारीचा टोल १ एप्रिल २०२३ रोजी २७० वरून ३२० झाला तो याच अधिसूचनेमुळे. महागाई वाढो की न वाढो, वाहने दुप्पट होवोत की तिप्पट, दर चढतच गेले. वाहने अंदाजापेक्षा जास्त आली तर दर उतरेल किंवा मुदत आटेल, असे एखादे कलम कुणी घालायचे होते? करार करणाऱ्या खुर्चीत आमच्या बाजूने जो बसला होता, त्याने.

आमचा मुख्य आरोप इथेच आहे. या करारांत तोट्याची वाटणी जेवढ्या बारकाईने लिहिलेली असते, तेवढी नफ्याची नसते. जमीन ताब्यात द्यायला उशीर झाला तर भरपाई. वाहने कमी आली तर मुदतवाढ. कंपनीने हात वर केले तरी बँकेच्या कर्जाचा मोठा हिस्सा सरकारने चुकता करायचा, अशी समाप्तीची कलमे. आणि फायदा झाला तर? तिथे करार हात आखडतात.

वर्सोवा-घाटकोपर मेट्रोकडे पुन्हा वळू. करारात भाडे ९, ११ आणि १३ रुपये लिहिलेले होते. २०१५ च्या जानेवारीपासून लोक १० ते ४० रुपये मोजू लागले. त्याच वर्षी भाडे निश्चिती समितीने ११० रुपयांपर्यंतची कमाल सुचवली. उच्च न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात ती शिफारस रद्द केली. मूळ खर्च २,३५६ कोटी धरला होता, कंपनी म्हणाली ४,३२१ कोटी झाला. जागा वेळेवर मिळाली नाही, आराखडे बदलले, म्हणून खर्च वाढला, हे तिचे म्हणणे. प्रकरण लवादाकडे गेले आणि २०२३ मध्ये लवादाने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाविरुद्ध निकाल दिला. मग २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी भागीदाराचा हिस्सा ४,००० कोटींना विकत घ्यायचे ठरवले, आणि जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. तीन महिन्यांत असे काय बदलले? चार हजार कोटी हा आकडा कुणी, कोणत्या कागदावरून काढला? रोज या गाडीत उभे राहून जाणाऱ्या साकीनाक्याच्या कारागिराला हे कळायचा हक्क नाही का? ज्या प्रवाशाने तेरा रुपयांच्या कराराला चाळीस रुपये दिले, त्याला तो करार बघायला मिळू नये, याइतका अन्याय दुसरा नाही.

आणि अर्धवट रस्त्याचा टोल. पुणे-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाचे काम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, टोलही त्याच दिवसापासून. काम २०१३ च्या मार्चअखेर पूर्ण व्हायचे होते. ती मुदत गेली, त्यानंतरच्याही मुदती गेल्या. खेड शिवापूरच्या नाक्यावर पावती फाडायची आणि पुढे गेले की पत्र्याचे अडथळे, डांबराचे पिंप उभे करून काढलेले वळण, उघड्या सळ्या बाहेर आलेला अर्धा पूल, पावसात गुडघाभर खड्डा. सेवा रस्त्यावरून उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर, कारण गावकऱ्यांना पलीकडे जायला वाटच नाही. या रस्त्यावर माणसे मेली आहेत. सहापदरी रस्त्यासाठी घेतलेल्या टोलवर चौपदरीही धड नसलेला रस्ता वर्षानुवर्षे दाखवला गेला, आणि करारातल्या कलमाने ते चालवून घेतले.

कोकणात तर टोल घ्यायलाही रस्ता उरला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ मध्ये बीओटीवर दिला, २०१४ मध्ये पूर्ण होणार होता. कंपनीची ताकद संपली, काम थांबले, आणि दरवर्षी गणपतीला जाणारे चाकरमानी वडखळ-नागोठण्याच्या चिखलात रात्री काढत राहिले. प्रत्येक श्रावणात कुणा ना कुणा मंत्र्याने पाहणी दौरा करून नवी तारीख दिली. शेवटी ते काम सरकारच्याच पैशातून करायची वेळ आली. ज्या कंपनीची पत एवढी तोकडी होती तिला हे काम देताना कुणी काय तपासले, याचे कागद दाखवा.

हे फक्त महाराष्ट्रात घडते असे नाही. मेक्सिकोने १९८९ पासून पाच-सहा वर्षांत पन्नासच्या वर टोल रस्ते खासगी कंपन्यांना दिले. जो सगळ्यांत कमी वर्षे मागेल त्याला काम, अशी अट. कंपन्यांनी मुदती कमी मागितल्या आणि वसुली लवकर व्हावी म्हणून टोल आभाळाला नेला. ट्रकवाले जुन्या फुकट रस्त्यांवरून जात राहिले आणि नवे रस्ते ओस पडले. १९९७ मध्ये सरकारला ५२ पैकी २३ रस्ते कर्जासकट परत घ्यावे लागले. फायदा खासगी, कर्ज सार्वजनिक. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी हे वाचलेले नाही असे कुणी सांगू नये.

आता दिल्लीजवळचे एक प्रकरण, आणि हे बँकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. दिल्ली-नोएडा जोडणारा ९.२ किलोमीटरचा डीएनडी उड्डाणमार्ग २००१ मध्ये सुरू झाला. करारात कंपनीला एकूण प्रकल्प खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा हमखास. एखाद्या वर्षी टोलमधून तेवढे सुटले नाही, तर राहिलेली रक्कम पुन्हा प्रकल्प खर्चातच जमा. म्हणजे टोल भरत राहायचे आणि देणे वाढतच राहायचे. शंभर रुपयांवर २० टक्के चक्रवाढ धरली तर दहा वर्षांत ६१९ रुपये होतात. असा रस्ता कधी फिटणार? कधीच नाही. कलमच तसे लिहिले होते. नोएडातल्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयाचे दार ठोठावले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल बंद केला आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. निविदा न मागवता हे काम दिले होते, कंपनीचा खर्च आणि भरपूर नफा वसूल झाला आहे, लोकांकडून आणखी काही घ्यायचा तिला हक्क नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा रस्ता उभारणारी आयएल अँड एफएस २०१८ मध्ये सुमारे ९१ हजार कोटींच्या कर्जाखाली कोसळली आणि तिच्या रोख्यांत कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसेही अडकले.

तेव्हा बँकांच्या कर्ज समित्यांनी लक्षात घ्यावे. करारावर सही आहे, शिक्का आहे, म्हणून तो तीस वर्षे टिकेल असे समजू नका. लोकांपासून लपवलेला करार हा तुमच्या कर्जाखालचा भुसभुशीत पाया आहे.

सरकारला शहाणपण सांगायला कुणी नव्हते असेही नाही. अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये खासगी भागीदारीवर केंद्राला अहवाल दिला. जोखीम ज्याला पेलता येते त्याच्याकडे द्या, स्वतंत्र नियामक नेमा, कंपनीने आपणहून आणलेले प्रस्ताव टाळा, आणि सेवा पुरवण्याची आपली जबाबदारी झटकण्यासाठी ही पद्धत वापरू नका, असे त्या समितीने स्पष्ट लिहिले.  दहा वर्षे होऊन गेली. रस्त्यांसाठी स्वतंत्र नियामक कुठे आहे?

आणि आता पुढचा घाट घातला जातो आहे. शिवाजीनगर ते हिंजवडी मेट्रो ३५ वर्षांच्या करारावर आहे. आज हिंजवडीत नोकरीला लागलेली मुलगी पन्नाशीला येईल तोवर तो करार चालेल. विरार-अलिबाग मार्गिकेचीही बीओटीवर तयारी आहे. वसई, पनवेल, उरण, पेण इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात जाणार. या मार्गिकेचा करार सहीआधी लोकांना दिसणार की नाही, एवढेच आम्ही विचारतो, आणि याचे उत्तर ‘हो’ सोडून दुसरे चालणार नाही.

आमच्या मागण्या अवघड नाहीत. करार आणि त्याचे सगळे जोडकागद संकेतस्थळावर टाका, सोबत प्रत्येकाचा चार पानांचा मराठी गोषवारा द्या, कारण दोनशे पानांचे इंग्रजी कलमशास्त्र वाचायला पेणच्या शेतकऱ्याने वकील लावायचा का? प्रत्येक नाक्यावरची वाहनांची संख्या आणि वसुली दर महिन्याला, वाहनप्रकारानुसार, प्रसिद्ध करा. राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा आहे, प्रत्येक गाडीची नोंद यंत्रात होते, तेव्हा आकडे जमवायला वेळ लागेल ही सबब संपली. काम पूर्ण होईपर्यंत त्या टप्प्याचा टोल नको, आणि ठरल्या मुदतीत काम झाले नाही तर घेतलेला टोल राज्याच्या खात्यात जमा. मुदतवाढ किंवा भरपाई द्यायची असेल तर ती विधिमंडळात चर्चा होऊनच, रात्रीच्या मंत्रिमंडळ बैठकीत नाही. नव्या कराराचा मसुदा सहीआधी साठ दिवस जनतेसमोर. कंपनीच्या व्यापारी गुपिताचे कारण सांगू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये ते संरक्षण आहे खरे, पण सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती द्या, हेही त्याच कलमात आहे. ते वाचून घ्या.

टोलमुक्तीच्या घोषणांवर खूश होणाऱ्यांनाही इथे बजावतो. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींचा टोल माफ झाला. २०१५ मध्येही राज्यातल्या ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट मिळाली होती. ती सूट कुणी भरली? सरकारने, म्हणजे आपणच, कंपनीला. मोटारवाल्याचा टोल माफ करून त्याचे पैसे ज्याच्याकडे सायकलही नाही त्याच्या करातून द्यायचे, हे आम्हाला मान्य नाही. निवडणुकीच्या तोंडावर दिलेली ही सवलत कुणाच्या घशातून काढली आहे, त्याचा आकडा दर अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली छापा. आणि टोल भरणाऱ्या मंडळींनो, नाके जाळू नका, कर्मचाऱ्यांवर हात उगारू नका. खिडकीत उभा असलेला पोरगा दहा-बारा हजारांवर राबतो, करारावर सही त्याची नाही.

१ मे उलटला आणि कागद आले नाहीत, तर २ मेला राज्यातल्या प्रत्येक तालुक्यातून एकाच मजकुराचे माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. नाकारले तर अपील, तेही नाकारले तर माहिती आयोग, आणि समांतर उच्च न्यायालयात जनहित याचिका. त्याच आठवड्यात द्रुतगती मार्गापासून पुणे-सातारा रस्त्यापर्यंत महत्त्वाच्या नाक्यांजवळ महाविद्यालयांची मुले पाळ्यांनी सलग तीन दिवस, चोवीस तास, गाड्या मोजतील. ट्रक वेगळे, एसटी वेगळी, मोटारी वेगळ्या. ही मोजणी आम्ही गावोगावी छापून लावू, आणि कंपन्यांनी सरकारला कळवलेल्या आकड्यांशी ती जुळली नाही तर ती तफावत थेट न्यायालयात जाईल. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराला एकच प्रश्न विचारला जाईल: तुमच्या भागातल्या रस्त्याचा करार तुम्ही वाचला आहे का? नसेल वाचला तर मत मागायला येऊ नये.

आणि नव्या प्रकल्पांच्या निविदा भरणाऱ्या कंपन्यांना, त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांना ही जाहीर नोटीस आहे. मसुदा लोकांसमोर न ठेवता केलेल्या कोणत्याही करारावर आम्ही पहिल्या दिवसापासून आक्षेप नोंदवू आणि तो आक्षेप टपालाने, पोच घेऊन, तुमच्या नोंदणीकृत कार्यालयात पाठवू. उद्या असा करार न्यायालयात टिकला नाही, तर आम्ही सद्भावनेने पैसे गुंतवले, आम्हाला काही कल्पना नव्हती, असे म्हणायची सोय तुम्हाला राहणार नाही. त्या पोचपावत्या आमच्याकडे असतील.